जुने मासे ठणठणीत, नवे मात्र दगावतात : घरच्या टाकीतील मृत्यूंचे कारण कसे शोधावे

घरच्या टाकीत जुने मासे वर्षानुवर्षे उत्तम राहत असताना दुकानातून आणलेले नवे मासे दोन-चार दिवसांत एकामागून एक मरतात, ही तक्रार कोल्हापुरात मासे पाळणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाची आहे. अशा वेळी ‘पाणी खराब असते तर जुने मासे आधी मेले असते’ असा तर्क केला जातो, दोष दुकानदाराच्या मालावर जातो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून आणलेले मासेही त्याच वाटेने जातात. हा तर्क मुळातच चुकीचा आहे. जुने मासे पाण्यातील बिघाडाशी महिनोन् महिने थोडे थोडे जुळवून घेत आलेले असतात. नव्या माशाला तोच बिघाड तासाभरात सोसावा लागतो. म्हणून जुन्या माशांची तब्येत हा पाणी चांगले असल्याचा पुरावा मानू नये. दुकानातील पाणी आणि आपल्या टाकीतील पाणी यांत किती फरक आहे, हे आधी मोजावे आणि औषधाच्या बाटलीला त्यानंतरच हात लावावा.

मृत्यूची वेळ काय सांगते

शोधाची सुरुवात वहीपासून करावी. मासा कधी आणला, टाकीत कधी सोडला, त्याने खाणे कधी थांबवले, तो कधी मेला आणि त्याआधी कसा वागत होता, हे तारीख-वेळेसह लिहून ठेवावे, कारण प्रत्येक कारणाचा परिणाम दिसायला वेगवेगळा अवधी लागतो. सोडल्यानंतर काही तासांतच मासा उसळ्या मारू लागला, काचेवर आपटू लागला किंवा कुशीवर पडून भराभर कल्ले हलवू लागला, तर क्लोरीन, तापमानातील मोठा फरक, पीएचचा (पाण्याच्या आम्लतेच्या मापाचा) धक्का किंवा पिशवीतच साचलेला अमोनिया यांपैकी काहीतरी कारणीभूत असण्याची शक्यता अधिक असते. पहिला दिवस बरा गेला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासा पर मिटून कोपऱ्यात थांबला आणि अंगावर जखम किंवा ठिपका नसताना मेला, तर विरघळलेल्या क्षारांतील फरक, टाकीतील अमोनिया किंवा नायट्राइट यांचा विचार करावा. पाचव्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत होणारे मृत्यू बहुधा रोगाचे असतात. ही विभागणी काटेकोर नाही, तरीही ती हाताशी असली की निम्मे तर्क गळून पडतात.

मेलेला मासा लगेच बाहेर काढून उजेडात पाहावा. चिमट्याने कल्ल्याचे झाकण हलकेच उचलले की आतील कल्ले दिसतात. नुकत्याच मेलेल्या निरोगी माशाचे कल्ले लाल असतात. ते चॉकलेटी दिसले, तर नायट्राइटचा संशय घ्यावा. नायट्राइटमुळे रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन होते, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. फिकट आणि चिकट स्रावाने भरलेले कल्ले परजीवींमुळे किंवा अमोनियाच्या दाहामुळेही तसे होतात. मात्र रात्री कधीतरी मेलेल्या माशाचे कल्ले सकाळपर्यंत तसेही पांढुरके पडतात, त्यामुळे ताजा मासा हाती नसेल तर केवळ कल्ल्यांवरून निष्कर्ष काढू नये.

जुन्या टाकीत न दिसणारा बदल

माझ्या मते ‘विनाकारण’ म्हटल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी सर्वाधिक दुर्लक्षित कारण येथे आहे, म्हणून त्याकडे सविस्तर पाहू.

उदाहरणादाखल अशी एक टाकी घेऊ. शंभर लिटरची, पाच वर्षांची, आत दोन मोठे एंजल, काही बार्ब आणि एक हातभर सकरफिश. काच स्वच्छ, पाणी नितळ, मासे खायला धावत येतात. पाणी बदलण्याऐवजी आटलेले तेवढे भरले जाते. या पाण्याचा पीएच थेंबांच्या किटने तपासला, तर परीक्षानळीतील रंग निळा किंवा हिरवा न होता पिवळा येतो. म्हणजे पीएच ६ किंवा त्याहूनही खाली आहे, आणि त्याखाली नेमका किती हे ते किट दाखवूच शकत नाही. दुकानातील पाणी त्याच किटमध्ये निळे दिसते, म्हणजे ७.६ किंवा त्याहून जास्त. पीएचचे माप लॉगरिदमी असल्याने एका अंकाचा फरक दहापट असतो, आणि म्हणून या दोन पाण्यांच्या आम्लतेत निदान चाळीसपटींचा फरक पडतो. नवा मासा पिशवीतून थेट या पाण्यात पडतो.

हे घडते कसे, ते समजून घ्यावे. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या प्रक्रियेत आम्ल तयार होते आणि पाण्यातील बायकार्बोनेट, म्हणजे किटवर ज्याला केएच म्हटलेले असते ते, खर्ची पडत जाते. पाणी बदलले नाही तर ही शिल्लक एक दिवस संपते आणि पीएच घसरतो. पीएच ६ च्या आसपास आला की हे जिवाणूच मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. तरीही जुने मासे मरत नाहीत, कारण आम्ल पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या, म्हणजे फारशा विषारी नसलेल्या रूपात असतो. पाण्याचे तापमान २५ अंश असताना पीएच ६ ला एकूण अमोनियापैकी हजारात एक भागही विषारी रूपात नसतो; पीएच ८ ला तोच वाटा सुमारे पाच टक्के होतो.

या आकडेवारीत एक मोठा धोका आहे. पीएच घसरलेल्या टाकीत अमोनिया २ मिलिग्रॅम प्रति लिटर साचला असेल आणि घाबरून एका दिवशी अर्धे पाणी काढून बोअरचे पाणी भरले, तर अमोनिया निम्मा होतो खरा, पण पीएच वर चढल्यामुळे उरलेल्या अमोनियाचा विषारी वाटा कित्येक पटींनी वाढतो. नव्या माशांसाठी केलेल्या या सफाईत मग जुने मासेही जातात. म्हणून अशी टाकी सावकाश सुधारावी. रोज किंवा एक दिवसाआड दहा टक्के पाणी बदलावे, प्रत्येक वेळी तळाच्या खडीतील मळ नळीने ओढून काढावा, खाद्य निम्मे करावे आणि दोन-तीन आठवडे पीएच व अमोनिया यांची नोंद ठेवावी. केएच वाढवण्यासाठी खाण्याचा सोडा चालतो. शंभर लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडा घातल्यास केएच साधारण एका अंशाने वाढतो, आणि एका दिवशी एवढीच वाढ पुरे. फिल्टरमध्ये कापडी पिशवीत शिंपल्यांचे धुतलेले तुकडे ठेवणे त्याहून सौम्य आणि दीर्घकाळ टिकणारा उपाय आहे. पीएच ७ च्या जवळ स्थिर होऊन अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत नवा मासा आणू नये.

उलट टोकाची अडचण नव्या टाकीची असते. तिच्या फिल्टरमध्ये जिवाणूंची वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि टाकी बसवली त्याच संध्याकाळी दहा-बारा मासे सोडले तर त्यांचा अमोनिया संपवणारे आत कोणीच नसते. चालू टाकीतील वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ खूप कमी होतो. फिल्टर नळाखाली धुणेही टाळावे. क्लोरीनने जिवाणू मरतात आणि जुनी टाकी एका धुण्यात नवी होऊन बसते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळून घ्यावा.

आपल्या घरी येणारे पाणी

कोल्हापुरात एकाच गल्लीतील दोन घरांत निराळे पाणी असू शकते. महापालिकेचे पाणी पूर्वीपासून भोगावती-पंचगंगेवरील बालिंगा आणि शिंगणापूर येथून उपसले जात होते. २०२३ च्या अखेरीस काळम्मावाडीची थेट पाईपलाईन सुरू झाल्यावर शहरात दुधगंगेचेही पाणी येऊ लागले. सह्याद्रीतून आलेल्या या नद्यांच्या पाण्यात विरघळलेले क्षार तुलनेने कमी असतात. बोअरचे पाणी बेसाल्ट खडकाच्या भेगांतून येते आणि सहसा जड असते. दुकानदार बोअरचे पाणी वापरत असेल आणि आपल्या घरी नळाचे असेल, किंवा याच्या उलट असेल, तर पीएच सारखा असूनही क्षारांतील फरकामुळे माशाच्या शरीरातील पाण्याचे संतुलन बिघडते. खिशात मावणारा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारे उपकरण, फार महाग नसतो. तो दुकानात पिशवीत बुडवावा आणि घरी टाकीत बुडवावा. दोन आकड्यांत दोनशेपेक्षा अधिक अंतर असेल, तर मासा थेट मुख्य टाकीत सोडू नये, असे माझे मत आहे.

आटलेल्या पाण्याची भरपाई सतत बोअरच्या पाण्याने केली तर क्षार साचत जातात, कारण वाफ होते ती फक्त पाण्याची. उलट केवळ आरओच्या पाण्यावर चालवलेल्या टाकीत केएच जवळजवळ शून्य असतो आणि पीएच केव्हाही कोसळू शकतो. बोअरचे पाणी ताजे उपसलेले असताना त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. ते बादलीत एअर पंप लावून रात्रभर ठेवावे आणि नंतरच त्याचा पीएच मोजावा.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन वर्षभर सारखा नसतो. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले की निर्जंतुकीकरणाची मात्रा वाढते, आणि त्या दिवसांत नळ सोडताच वास येतो. दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन थेंब किंवा सोडियम थायोसल्फेटचे खडे हा खात्रीचा उपाय आहे. १ मिलिग्रॅम क्लोरीन निकामी करायला या खड्यांचे सुमारे ७ मिलिग्रॅम लागतात, त्यामुळे शंभर लिटरला एक ग्रॅमच्या आतबाहेर पुरते. पाणी उघड्या भांड्यात एअर पंप लावून एक दिवस ठेवले तरी क्लोरीन उडून जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन शहराचा पुरवठा बंद पडला होता. तशा काळात टँकरचे पाणी वापरावे लागते आणि त्यातील क्लोरीनचा अंदाज बांधता येत नाही. त्या दिवसांत नवे मासे आणूच नयेत.

दुकान, पिशवी आणि घरापर्यंतचा प्रवास

आपल्याकडे विकले जाणारे बरेच मासे कोलकात्याच्या परिसरात आणि चेन्नईजवळच्या कोळथूर येथे पैदास होऊन, मोठ्या शहरांतील घाऊक बाजारांतून येथवर पोचलेले असतात. या प्रवासात ते उपाशी असतात, दाटीत असतात आणि प्रत्येक मुक्कामी त्यांचे पाणी बदललेले असते. आज सकाळी उतरलेला मासा आज संध्याकाळी घेतला तर त्याच्या साठलेल्या थकव्यावर आणखी एक प्रवास लादला जातो. माल कोणत्या दिवशी येतो ते दुकानदाराला विचारावे आणि आठवडाभर दुकानात टिकलेला मासा घ्यावा; बहुतेक दुकानदार हे मोकळेपणाने सांगतात. मासा आपल्यासमोर खातो का ते पाहावे. ज्या टाकीत एकही मेलेला मासा दिसेल त्या टाकीतून काही घेऊ नये, आणि सगळ्या टाक्या एकाच फिल्टरला जोडलेल्या असतील तर शेजारच्या टाकीतूनही घेऊ नये. पाणी औषधामुळे निळसर दिसत असेल किंवा त्यात मीठ असल्याचे सांगितले गेले, तर रोग तेथे दाबून ठेवलेला असू शकतो आणि तो आपल्या साध्या पाण्यात आल्यावर वर येतो.

पिशवीतील रसायनही समजून घ्यायला हवे. बंद पिशवीत मासा श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे पीएच खाली येतो. त्याच वेळी अमोनियाही साचतो, पण खालच्या पीएचमुळे तो फारसा अपाय करत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच झपाट्याने चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. म्हणून राजारामपुरीतून शिवाजी पेठेत आणलेला अर्ध्या तासाचा मासा आणि मुंबई-पुण्याहून रात्रभराच्या पार्सलने आलेला मासा यांना एकच पद्धत लावता येत नाही. जवळून आणलेल्या माशाची बंद पिशवी वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचे पाणी घालावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने मासा जाळीने उचलून सोडावा. लांबून आलेल्या माशाच्या बाबतीत तापमान जुळेपर्यंत पिशवी बंदच ठेवावी आणि उघडताच मासा लगेच आधी तयार ठेवलेल्या पाण्यात न्यावा. हे पाणी विक्रेत्याला पीएच व टीडीएस विचारून शक्य तितके तसेच बनवलेले असावे. थेंबथेंब पाणी सोडण्याची तासाभराची पद्धत येथे घातक ठरते. पिशवीतील पाणी कोणत्याही परिस्थितीत टाकीत ओतू नये. एप्रिल-मे महिन्यांत पिशवी गाडीच्या हँडलला लटकवून आणू नये. थर्माकोलच्या डब्यात किंवा निदान ओल्या टॉवेलात गुंडाळून, शक्यतो संध्याकाळी आणावी.

वेगळी टाकी

नव्या माशासाठी वेगळी टाकी ठेवणे अनेकांना अतिरेक वाटतो. मला ते सर्वांत आवश्यक वाटते, कारण पाण्यातील फरक सावकाश मिटवणे आणि रोग उघड होण्याची वाट पाहणे ही दोन्ही कामे तेथेच होतात. पंचवीस-तीस लिटरची साधी काचेची टाकी किंवा साबण न लागलेला प्लास्टिकचा टब पुरतो. तळाला खडी नको, लपायला एक मातीचे मडके असावे, आणि स्पंज फिल्टर असा असावा जो आधी महिनाभर मुख्य टाकीत चालवून जिवाणूंनी भरलेला आहे. सुरुवातीला दुकानासारखे पाणी ठेवून पुढे दर दोन दिवसांनी मुख्य टाकीतील थोडे पाणी मिसळत जावे. मुक्काम किमान दोन आठवडे, शक्य तर चार. जाळी व नळी वेगळी ठेवावी आणि हात धुतल्याशिवाय एका टाकीतून दुसरीत घालू नये.

येथे सर्वाधिक दिसणारा रोग म्हणजे पांढरे ठिपके, ज्यात परांवर आणि अंगावर रव्याच्या कणांसारखे दाणे उठतात. तापमान अचानक उतरले की तो उफाळतो. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा पंधरा अंशांच्या आसपास जातो आणि हीटर नसलेल्या टाकीचे पाणीही त्याच्यामागे उतरते, त्यामुळे या महिन्यांत नवे मासे मरण्याचे प्रमाण वाढले तर आधी थर्मामीटर पाहावा. लिटरमागे एक वॅटच्या हिशेबाने हीटर लावून पाणी हळूहळू २८ अंशांवर आणावे, लिटरला १ ते २ ग्रॅम जाडे मीठ विरघळवून घालावे आणि हवेचा पुरवठा वाढवावा, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. परजीवी माशाच्या अंगावर असताना औषध त्याला लागत नाही, तो पाण्यात मोकळा असतानाच मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार आठवडाभर सुरू ठेवावा. नायट्राइटच्या बाधेतही लिटरला १ ग्रॅम मीठ उपयोगी पडते, कारण क्लोराइडमुळे कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरणे कमी होते. मिथिलीन ब्लू हे निळे औषध मुख्य टाकीत कधीही घालू नये; त्याने फिल्टरमधील जिवाणू मरतात. रोग ओळखता आलेला नसताना प्रतिजैविके देणे मला अयोग्य वाटते.

मेलेले मासे झाडाच्या मातीत पुरावेत. आजारी किंवा नकोसे झालेले मासे रंकाळ्यात, कळंब्याला किंवा पंचगंगेत सोडू नयेत. सकरफिशसारखे परदेशी मासे भारतातील अनेक तलावांत आणि नद्यांत पसरले आहेत आणि रोगही त्यांच्याबरोबर जातात.

पाणी निर्दोष निघाले तर

पीएच, अमोनिया, नायट्राइट, टीडीएस आणि तापमान सगळे जुळत असूनही मृत्यू होत असतील, तर दिवा मालवून अर्ध्या तासाने बॅटरीच्या मंद उजेडात टाकी पाहावी. दिवसा शांत दिसणारे एंजल, टायगर बार्ब किंवा रेड टेल शार्क रात्री नव्या माशाला कोपऱ्यात कोंडतात. फाटलेली शेपटी आणि निघालेले खवले ही त्याची खूण. नवा मासा सोडण्यापूर्वी दगड व झाडांची मांडणी बदलली की जुन्या माशांच्या हद्दी मोडतात, आणि सोडल्यावर उरलेला दिवस दिवा बंद ठेवला की पाठलाग कमी होतो.

खोलीतील हवाही तपासावी, कारण एअर पंप तीच हवा पाण्यात ढकलत असतो. डास पळवणाऱ्या बाटल्यांत आणि कीटकनाशक फवाऱ्यांत असणारी पायरेथ्रॉइड गटातील रसायने माशांना अत्यंत विषारी आहेत. गौरी-गणपतीच्या आधी घराला रंग देताना थिनरचा वास भरलेल्या खोलीत टाकी असेल, तर ती झाकावी, पंपाची हवा बाहेरून घ्यावी आणि त्या महिन्यात नवे मासे आणणे पुढे ढकलावे.

हे सर्व पार पडल्यावर नवे मासे दोन-तीनच आणावेत. त्यांना मुख्य टाकीत सोडल्यानंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अमोनिया व नायट्राइट तपासावेत. दोन्ही शून्य आले आणि मासे नेहमीसारखे खात असतील, तर पुढचे दोन-तीन त्याच वेगळ्या टाकीत, त्याच पद्धतीने ठेवायला घ्यावेत.